गोणी उचलतानाचे पहिले दहा सेकंद

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शिंगणापूरचा फाटा लागतो, ते घोडेगाव. तालुका नेवासा. शनिदर्शनाला जाणाऱ्यांना हे गाव फाट्यापुरतं ठाऊक असतं. शेतकरी ते ओळखतो शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे आणि नेवासा बाजार समितीच्या उपबाजारातल्या कांद्याच्या लिलावामुळे. लिलावाच्या दिवशी आवारात सगळ्यांचे कान भावाकडे लागलेले असतात. एखाद्या वेळी भाव बाजूला ठेवून हमालांकडे बघत उभं राहावं. एक नंबरचा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, गोण्या भरून शिवून झालेल्या. हमाल गुडघ्यात वाकतो, एका हाताने गोणीचा कान धरतो, दुसरा हात बुडाखाली घालतो, क्षणभर श्वास कोंडतो आणि एका हिसड्यात पन्नासेक किलोंचं ओझं पाठीवर घेतो. दीड-दोन सेकंदांचा मामला. मग फळीवरून ट्रकमध्ये चढतो, गोणी थप्पीला लावतो, परत येऊन टॉवेलने मान पुसत जरा उभा राहतो. थोड्या वेळाने पुढची गोणी.

सगळी गंमत त्या हिसड्यात आहे. सकाळी खाल्लेली बाजरीची भाकरी त्या दीड सेकंदात कामाला आलेली नसते. श्वासातला ऑक्सिजनही नाही, कारण श्वास तर त्याने कोंडून धरलेला असतो. धाप लागते ती नंतर. मग तेवढ्या वेळात पन्नास किलो उचलले कशाच्या बळावर?

स्नायू आकसायला जो रेणू लागतो त्याचं नाव एटीपी. त्याच्या शेपटाला तीन फॉस्फेट असतात. शेवटचा तुटला की ऊर्जा सुटते आणि स्नायूतला धागा धाग्यावरून सरकतो. शरीर दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या आसपास एटीपी वापरतं, पण कोणत्याही एका क्षणी अंगात तो जेमतेम पन्नास-शंभर ग्रॅम असतो. बाकी सगळा खेळ तोच तो पुन्हा भरून घेण्याचा. नेटाने जोर लावला तर स्नायूतला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपावा. तो संपत नाही, कारण शेजारीच क्रिएटिन फॉस्फेट बसलेलं असतं. एटीपीचा फॉस्फेट तुटला रे तुटला की क्रिएटिन आपल्याकडचा फॉस्फेट त्याला देऊन टाकतं. ऑक्सिजन नको, साखर जाळायला नको, एका विकराच्या मध्यस्थीने एकाच पायरीत काम. आठ-दहा सेकंद असे निघतात. तोवर साखर मोडण्याची आणि पुढे ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा वेग घेते.

कांद्याच्या बाजारातल्या भाषेत सांगायचं, तर एटीपी म्हणजे मुठीतली नाणी आणि क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे कनवटीला लावलेला पैसा. साखर म्हणजे आडत्याची पट्टी, वटेल पण थोडा वेळ जाईल. चरबी म्हणजे बँकेतली मुदत ठेव. चहाचे पैसे द्यायला कुणी ठेव मोडत नाही, आणि गोणी उचलायला कुणी चरबी जाळत नाही. हमाल मधे उभा राहतो तो कनवट पुन्हा भरण्यासाठी. तरण्या माणसाच्या स्नायूत खर्च झालेल्यातलं निम्मं क्रिएटिन फॉस्फेट साधारण अर्ध्या मिनिटात परत जमतं, आणि तीन-पाच मिनिटांत जवळजवळ सगळं. त्या हमालाला हे कुणी शिकवलेलं नसतं. किती वेळ उभं राहायचं ते त्याचं अंगच ठरवतं.

हे सगळं उघडकीला आलं त्यात एका तेलुगू माणसाचा मोठा वाटा आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली म्हणून शस्त्रक्रियेच्या साहेब प्राध्यापकाची त्यांच्यावर खप्पामर्जी झाली, आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या खालच्या दर्जाच्या पदवीवर समाधान मानावं लागलं. पुढे ते बोस्टनला पोचले आणि पोटासाठी तिथल्या रुग्णालयात रात्रपाळीचे पोर्टर झाले. दिवसा हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम.

फिस्क आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत बसवली. नमुन्यात रसायनं घातली की द्रावण निळं होतं. निळाई जितकी गडद तितका फॉस्फरस जास्त. जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवतात. रक्ताचा नमुना असला की रंग ठरल्या वेळी येई. स्नायूचा अर्क घातला की मात्र रंग उशिरा चढायचा. चुकत काहीच नव्हतं, फक्त काही मिनिटं जास्त लागत. दुसऱ्या कुणी रसायन जुनं झालं म्हणून बाटली बदलली असती. या दोघांनी त्या उशिरालाच धरलं. त्यांच्या लक्षात आलं की स्नायूत फॉस्फरस कशाला तरी सैलसर बांधलेला आहे, आणि आपण मोजत असताना तो आम्लात हळूहळू सुटतो आहे, म्हणून रंगही हळूहळू चढतो. १९२७ साली त्यांनी जाहीर केलं की ज्याला तो बांधलेला आहे ते क्रिएटिन. स्नायूला विजेचे झटके देऊन दमवला की हा पदार्थ घटतो आणि स्नायूला विसावा दिला की परत भरतो, हेही त्यांनी दाखवलं. इंग्लंडात फिलिप आणि ग्रेस एगल्टन या नवराबायकोलाही त्याच सुमारास त्याचा माग लागला होता. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, एटीपीही सापडला. जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि स्वतंत्रपणे फिस्क-सुब्बाराव जोडीला.

सुब्बाराव पुढे औषधांच्या संशोधनात गेले. हत्तीरोगासाठी आपल्याकडे गावोगाव वाटतात ती डीईसीची गोळी त्यांच्या चमूच्या कामातून आली. सांधेवातासाठी कित्येक आज्या आठवड्यातून एकदा घेतात त्या मेथोट्रेक्झेटचं मूळही तिथेच. म्हातारपणाशी या माणसाचा एवढा संबंध असून त्याचं नाव घराघरात नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

क्रिएटिन हा पदार्थ स्वतः मात्र तेव्हाही जुनाच होता. फ्रान्समध्ये मिशेल शेव्हरल यांनी १८३२ साली मांसाच्या रश्श्यातून त्याचे स्फटिक वेगळे काढले होते. आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाला वाटीभर अळणी देतात ना, तसलाच तो रस्सा. क्रिएटिन पाण्यात उतरतं, त्यामुळे मटणातलं बरंचसं अळणीत येतं. पुढे १८४७ मध्ये युस्टस फॉन लीबिग यांनी नोंदवलं की शिकारीत धावून धावून मेलेल्या खोकडांच्या मांसात, पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या खोकडांपेक्षा क्रिएटिन सुमारे दहापट जास्त होतं. याचा नेमका अर्थ लीबिगना लागला नव्हता, पण काम करणाऱ्या स्नायूशी या पदार्थाचं काहीतरी नातं आहे एवढा वास त्यांना आला होता.

सत्तर किलोंच्या माणसात क्रिएटिन असतं सुमारे १२० ग्रॅम, एका छोट्या वाटीत मावेल एवढं. त्यातलं ९५ टक्के हाडांवरच्या स्नायूंत. उरलेलं मेंदू, हृदय, डोळ्याचा पडदा, शुक्राणू अशा ठिकाणी, म्हणजे जिथे जिथे एकाएकी ऊर्जा लागते किंवा ती दूरवर पोचवावी लागते तिथे. समुद्रात सी-अर्चिन नावाचा काटेरी गोळ्यासारखा प्राणी राहतो. त्याच्या शुक्राणूची ऊर्जा तयार होते डोक्यापाशी आणि लागते शेपटाच्या टोकाला. मधलं अंतर फॉस्फेट काटतो तो क्रिएटिनच्या आधाराने. निसर्गाने ही सोय एकदा बसवली आणि माशापासून माणसापर्यंत तीच चालू ठेवली.

आता वयाकडे वळू. बाजाराच्या आवारातच कांदा निवडणाऱ्या बाया उकिडव्या बसलेल्या असतात. दुपारी भाकरीसाठी उठायची वेळ झाली की बघा. विशीतली पोर बोलता बोलता उभी राहते, हातातला कांदासुद्धा खाली ठेवत नाही. साठीतली बाई आधी कुशीवर वळते, तळहात जमिनीला टेकते, एक गुडघा उभा करते, त्यावर दुसरा हात रोवते आणि मग कण्हत सरळ होते. या दोघींत काय बदललं? वीस किलो कांद्याची पाटी दोघीही उचलतात. दिवसभर राबण्याची चिवट ताकद म्हातारीत कदाचित जास्तच असेल. गेलेला असतो तो हिसडा.

स्नायूत धागे दोन जातींचे असतात. हळू आकसणारे, न थकणारे. आणि झटक्यात आकसणारे, लवकर थकणारे. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा दुसऱ्या जातीत जास्त. आणि वय वाढेल तसे हेच झटकेबाज धागे आधी बारीक होतात आणि गळतात. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचं वजन ३ ते ८ टक्क्यांनी घटतं, साठीनंतर त्याहून वेगाने, आणि ताकद तर वजनापेक्षाही लवकर जाते. शिवाय खर्च झालेलं क्रिएटिन फॉस्फेट भरून यायलाही म्हातारपणी जास्त वेळ लागतो, कारण ते भरण्याचं काम पेशीतल्या मायटोकाँड्रियांचं असतं आणि तेही मंदावलेले असतात.

न्हाणीघरात पाय घसरला तर सावरायला अर्धा सेकंद मिळतो. त्या अर्ध्या सेकंदात दुसरा पाय पुढे टाकून अंगाचं वजन तोलायचं असतं. चालण्याचा कितीही सराव असला तरी ते काम हळू धाग्यांचं नव्हे. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या किती म्हाताऱ्यांची गोष्ट तिथून सुरू होते, ते प्रत्येक घराला माहीत आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना नुसतं जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. हात, कोपर, गुडघा टेकला की एकेक गुण कमी. २०१२ साली निष्कर्ष आला की ज्यांना जास्त आधार लागला त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू स्पष्टपणे जास्त होते. पंगतीत बसणारा आपला समाज ही परीक्षा रोज देत होता. डायनिंग टेबल आलं आणि ती सुटली.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्यात सापडली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखेच, पण एकाच्या कातडीखाली स्नायू आणि दुसऱ्याच्या चरबी. हडकुळ्या दिसणाऱ्या मराठी माणसाकडे म्हातारपणासाठी राखून ठेवलेला स्नायू मुळातच थोडा असतो, असा त्याचा अर्थ. मधुमेहाच्या अंगाने हे संशोधन गाजलं. ताकदीच्या अंगाने त्याची चर्चा आपण फारशी केली नाही.

तर मग क्रिएटिन वरून खाल्लं तर? हा प्रश्न १९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सोडरलुंड आणि एरिक हल्टमन यांनी सोडवला. रोज वीसेक ग्रॅम क्रिएटिन काही दिवस दिलं आणि मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा काढून तपासला. साठा वाढलेला होता. ज्यांच्यात मुळात कमी होता त्यांच्यात जास्त वाढला. पुढे कळलं की एवढी घाई नको. रोज ३ ग्रॅम, साधारण चमचाभर, महिनाभर घेतलं तरी स्नायू तेवढाच भरतो. भरला की भरला, पुढे जास्त ओतलं तर लघवीवाटे जातं. हिशेब करून बघा: मटणात किलोला साधारण ४-५ ग्रॅम क्रिएटिन असतं, तेही कच्च्या. रोज अर्ध्या किलोच्या वर मटण खाणारा माणूस तालमीत सापडेल, पण घरात परवडणार नाही. दुधात तर किलोला दशांश ग्रॅम, नावापुरतं.

पहिलवान आणि जिमवाल्यांनी क्रिएटिनच्या भुकटीचा डबा केव्हाच उचलला. उत्तेजकांच्या बंदी यादीत तो नाही. पण माझ्या मते या पुडीची खरी गरज त्या तगड्या पोरांना कमी आणि त्यांच्या आजीला जास्त आहे. २०१७ साली वयस्कांवरचे २२ अभ्यास एकत्र मांडून पाहिले गेले, एकूण ७२१ माणसं. सगळी आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम करत होती. अर्ध्यांना क्रिएटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पुडी. क्रिएटिनवाल्यांच्या अंगावर चरबी सोडून उरणारं वजन सरासरी १.३७ किलो जास्त चढलं, छातीची आणि पायांची ताकदही जास्त वाढली. त्यातलं थोडं वजन स्नायूत धरलेल्या पाण्याचं असतं हे खरं, पण ताकद पाण्याने वाढत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने ५५ वर्षांवरच्या माणसांसाठी हा दावा मान्य केला तोही एका अटीवर: रोज ३ ग्रॅम आणि सोबत नियमित जोर लावणारा व्यायाम.

ती अट डब्यावर बारीक अक्षरात असते आणि सगळं गाडं तिथेच अडतं. पुडी खाऊन बाजेवर बसलं तर हाती फार काही लागत नाही. क्रिएटिन स्वतः स्नायू बांधत नाही. दहा उठाबशा काढून दमणाऱ्याला अकरावी-बारावी काढू देतं, आणि स्नायू वाढतो तो त्या वरच्या दोन उठाबशांनी. म्हातारीने खुर्चीच्या पाठीला धरून दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा बसून उठावं, जमेल तसं हाताचा आधार सोडावा. ही पुडीशिवायही करायची गोष्ट आहे आणि पुडीपेक्षा स्वस्त आहे. हाडांबद्दल मोठी आशा होती. पाळी गेलेल्या २३७ बायकांना व्यायामासोबत दोन वर्षं क्रिएटिन देऊन पाहिलं. २०२३ साली निकाल आला की हाडांची घनता काही वाढली नाही. म्हणून 'हाडं मजबूत' असं लिहिलेली जाहिरात दिसली तर पान उलटावं.

नेवासा हा ज्ञानेश्वरीचा मुलूख. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात तो पैस खांब इथून फार लांब नाही. या पट्ट्यात माळकरी घरं पुष्कळ. नातवाने डबा आणला की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाळा, हे मटणाचं तर नाही ना?" नाही, आबा. बाजारातलं क्रिएटिन कारखान्यात दोन रसायनं एकत्र करून बनतं, सार्कोसिनेट आणि सायनामाइड. त्यातल्या सायनामाइडचा उगम शोधत मागे गेलं तर चुना, कोळसा आणि हवेतला नायट्रोजन यांच्यापाशी पोचतो. शेव्हरलने रश्श्यातून काढलेला रेणू चुन्याच्या भट्टीतून निघतो आणि शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही, कारण फरक नसतोच. माळकऱ्याने फक्त कॅप्सूल टाळावी. तिचं वेष्टन बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं असतं. भुकटी घ्यावी, कोमट पाण्यात चांगली विरघळते. ताकात कालवली तरी चालेल, पण लगेच प्यावी. आंबटात मुरत ठेवली तर हळूहळू तिचं क्रिएटिनिन होतं आणि ते निरुपयोगी.

शाकाहारी माणूस क्रिएटिनवाचून मरत नाही, कारण शरीर ते रोज ग्रॅमभर स्वतः बनवतं. पहिली पायरी मूत्रपिंडात, दुसरी यकृतात. या दुसऱ्या पायरीला मिथाइल नावाचा छोटा तुकडा लागतो, आणि अंगातल्या मिथाइलच्या एकूण खर्चाचा मोठा भाग, अंदाजे चाळीस टक्के, या एका कामावर होतो. मिथाइलचं चक्र फिरतं ठेवायला बी-१२ जीवनसत्त्व हवं. पुण्याच्या परिसरात याज्ञिकांच्याच गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. म्हणजे ताटात मांस नाही आणि घरच्या घरी बनवायला लागणारं सामानही तुटपुंजं. शाकाहाऱ्यांच्या स्नायूत क्रिएटिन कमी असतं आणि पुडीचा फायदा त्यांना जास्त होतो, असं वारंवार दिसलं आहे. तरी बी-१२ ची गोळी सोडून क्रिएटिन घेणं म्हणजे आजार एकाचा आणि औषध दुसऱ्याला. बी-१२ ची कामं आणखी बरीच आहेत.

मेंदूची कथा निराळी, आणि इथे हुरळून जायचा मोह मोठा. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला मेंदू विसावलेल्या शरीराच्या वीस टक्के ऊर्जा खातो. तिथेही क्रिएटिन फॉस्फेट आहे, आणि ते किती मोलाचं ते एका दुर्मीळ आजाराने दाखवलं. क्रिएटिन बनवणाऱ्या दुसऱ्या पायरीचा विकर जन्मतःच नसलेली मुलं १९९० च्या दशकात ओळखली गेली. मेंदूच्या स्कॅनमध्ये क्रिएटिनची खूण जवळजवळ गायब; मुलांना बोलता येत नव्हतं, झटके यायचे. क्रिएटिन पाजायला लागल्यावर मेंदूत ते पुन्हा दिसू लागलं आणि मुलं सुधारली. लवकर सुरू केलं तर सुधारणा जास्त. एका साध्या पांढऱ्या भुकटीने मूल माणसांत येतं, हे वाचताना अंगावर काटा येतो.

पण ज्यांच्या मेंदूत क्रिएटिन आधीच पुरेसं आहे त्यांचं काय? मेंदू आपलं क्रिएटिन बऱ्याच अंशी स्वतः बनवतो आणि रक्तातून आत घ्यायला फार अरुंद दार ठेवतो. शाकाहाऱ्यांच्या स्नायूत ते कमी असतं, मेंदूत मात्र मांसाहाऱ्यांइतकंच. वीस ग्रॅम रोज, महिनाभर घेतलं तेव्हा कुठे मेंदूतलं प्रमाण आठ-नऊ टक्क्यांनी वाढलेलं एका अभ्यासात आढळलं. सिडनीत कॅरोलिन रे यांनी २००३ साली ४५ तरुण शाकाहाऱ्यांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम दिलं. आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवण्यात आणि कोडी सोडवण्यात ते सरस ठरले. बातमी जगभर झाली. वीस वर्षांनी १२३ जणांवर जास्त काटेकोर प्रयोग झाला तेव्हा फायदा अगदी बारीक निघाला, असला तर. शाकाहाऱ्यांना जास्त, असंही काही दिसलं नाही.

खरा धक्का पार्किन्सनने दिला. प्रयोगशाळेतल्या उंदरांत आशा इतकी दिसली होती की अमेरिका आणि कॅनडात १,७४१ रुग्णांवर वर्षानुवर्षं चालणारी चाचणी लावली गेली, रोज १० ग्रॅम. मधेच हिशेब केला तर काहीच फरक पडत नव्हता. चाचणी थांबवली आणि २०१५ साली निकाल छापला. अल्झायमरचं २०२५ मध्ये पुढे आलेलं काम अमेरिकेतल्या कॅन्ससचं. वीस रुग्ण, रोज वीस ग्रॅम, आठ आठवडे. मेंदूतलं क्रिएटिन ११ टक्क्यांनी वाढलं, काही परीक्षांत गुणही वाढले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि आपल्यावर नवा इलाज चालू आहे या जाणिवेनेच माणूस दोन महिने तरतरीत होऊ शकतो. युरोपच्या त्याच संस्थेने, जिने स्नायूंचा दावा मान्य केला होता, २०२४ मध्ये बुद्धीचा दावा पुराव्याअभावी फेटाळला. मला हे न्याय्य वाटतं. 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून कुणी आईवडिलांच्या हाती डबा ठेवत असेल तर त्याने ठेवू नये. पायांसाठी ठेवावा आणि सोबत रोज उठबस करून घ्यावी.

त्याआधी एक मात्र करायचं. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलायचं, आणि रक्त तपासायला जाताना 'क्रिएटिन घेतोय' हे सांगायचं. लॅबच्या अहवालात क्रिएटिनिन नावाची जी ओळ बघून आपल्या घरात धडधड सुरू होते, ते क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनचंच उरलेलं. अंगातल्या साठ्यातलं सुमारे १.७ टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. पुडी घेणाऱ्याचा आकडा थोडा वर सरकतो. निरोगी माणसात तो मूत्रपिंड बिघडल्याचा पुरावा नसतो. शंका वाटली तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी आहे, तिला स्नायूंशी फारसं देणंघेणं नाही.

उलटी चूकही होते आणि ती जास्त वाईट. हाडाची काडं झालेल्या म्हातारीचा आकडा 'नॉर्मल' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. स्नायूच उरला नसेल तर क्रिएटिनिन तयार होणार कुठून? मूत्रपिंड मंदावलेलं असूनही आकडा चांगला दिसतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, बघायचा असतो; स्नायू फारच झडला असेल तर तोही सिस्टॅटिन-सीवरून काढलेला.

या क्रिएटिनिनमधूनच एक भन्नाट युक्ती निघाली आहे. जड हायड्रोजनची खूण केलेलं क्रिएटिन चिमूटभर, तीसेक मिलिग्रॅम, म्हाताऱ्या माणसाला गिळायला देतात. ते सगळ्या स्नायूंत पसरतं. काही दिवसांनी लघवीचा एक नमुना घ्यायचा आणि क्रिएटिनिनमध्ये ती खूण किती पातळ झाली आहे ते मोजायचं. जितकी पातळ, तितका साठा मोठा, तितका स्नायू जास्त. ना यंत्रात झोपायचं, ना सुई. अमेरिकेत सरासरी ८४ वर्षांच्या सुमारे १,४०० पुरुषांवर हे करून पाहिलं. कोण जिने चढू शकेल, कोणाचं चालणं पुढे अडखळेल, कोण पडेल, याचा अंदाज या मापाने चांगला बांधता आला. क्ष-किरणांवर चालणाऱ्या महागड्या डेक्सा स्कॅनला तो तितका बांधता आला नव्हता.